सहदेव मेस्त्रींचा गडगा

सहदेव मेस्त्री आडनावानेही मेस्त्री आणि धंद्यानेही मेस्त्री. कुडाळकडच्या एका वाडीतून ते मुंबईत आले आणि गिरणीच्या सुतारखात्यात त्यांनी अठरा वर्षे काढली. त्या अठरा वर्षांत त्यांच्या हातून घडलेली प्रत्येक वस्तू यंत्राच्या पोटात गेली. मागावर सूत नेणाऱ्या धोट्याच्या पेटीची फळी केसाएवढी चुकली तर कापडात रेघ उमटे आणि मग सुताराच्या नावाने हाकाटी होई. फळी बरोबर बसली, तर ती कुणी बसवली हे विचारण्याचे कुणाला कारण नसे. चांगल्या कामाला नाव नाही आणि वाईट कामाला आहे, ही गिरणीची रीत त्यांनी मुकाट्याने सोसली. पण ती त्यांना कधी रुचली नाही.

ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणीचे फाटक बंद झाले ते झालेच. मेस्त्रींनी हत्यारांची पेटी उचलून भांडुपला घरी आणली. टेकडीवरच्या चाळींतून उतरणारी पायवाट जिथे मोठ्या रस्त्याला मिळते, तिथे एका चिंचेखाली त्यांनी सिमेंटच्या कुंड्या ओतायला सुरुवात केली. लाकडाचा फर्मा स्वतः करायचा, त्यात माल ओतायचा, दोन दिवसांनी फर्मा उघडायचा आणि गोणपाट गुंडाळून आठवडाभर पाणी मारायचे. मग वर गेरू आणि काठाला पांढरी नक्षी. रस्त्याने जाणारा माणूस नक्षी पाहून थांबे, म्हणून मेस्त्री नक्षीवर जीव टाकीत.

शहाऐंशीच्या नोव्हेंबरात नीला कर्णिक नावाची एक वास्तुरचनाकार बाई चिंचेखाली थांबली, तेव्हा मात्र तिने नक्षीकडे पाहिलेच नाही. वाकून तिने कुंडीच्या बाहेरच्या अंगावरून बोट फिरवले. फर्म्याच्या दोन फळ्या जिथे जुळतात, तिथे ओतलेल्या वस्तूवर एक बारीक कड राहते. तिच्या बोटाला ती लागली नाही.

"फर्मा कुणी केला?" तिने विचारले.

सदतीस वर्षांच्या आयुष्यात हा प्रश्न मेस्त्रींना कुणी प्रथमच विचारला होता. त्यांनी आधी मागे वळून पाहिले, की ही बाई दुसऱ्या कुणाशी तर बोलत नाही ना.

काम मुलुंडला होते. डोंगराच्या पायथ्याशी एक खासगी विश्वस्त मंडळ आरोग्यधाम बांधत होते. शस्त्रक्रियेतून उठलेल्या माणसांनी चार आठवडे इथे राहावे, चालावे, बसावे, एवढाच त्याचा हेतू. इमारतीमागे शहाबादी फरशीचे मोठे मोकळे अंगण होते. अंगण संपले की उतार, उताराखाली ओढ्याची घळ आणि पलीकडे थेट आभाळापर्यंत चढत गेलेला जंगलाचा डोंगर. अंगणाच्या त्या काठावर लोखंडी जाळी बसवावी, असे विश्वस्तांचे म्हणणे. दुबळी माणसे तिथे वावरणार; कुणाचा पाय घसरला तर? बाईंचे म्हणणे असे, की जाळी लावली तर माणूस आजारातून सुटून पिंजऱ्यात यायचा. त्यांनी जाळीऐवजी गुडघ्याएवढ्या उंचीच्या सात लांब कुंड्या सुचवल्या. प्रत्येक कुंडी चार फुटांची, दोन कुंड्यांमध्ये वीतभर फट, आणि सगळ्यांत एकच रोप: गवती चहा. अंगणात दुसरे काही नाही. ना कारंजे, ना बाक, ना फुलझाडे. विश्वस्तांनी कुरकुरत का होईना, एक संधी दिली होती.

मेस्त्रींनी चिंचेखालीच मापे लिहून घेतली आणि काम अंगावर घेतले. दोन दिवसांनी बाईंना आठवले, की रंगाविषयी आपण काही बोललोच नाही. मेस्त्रींच्या चाळीखालच्या श्यामसुंदर वाण्याच्या दुकानात टेलिफोन होता. "कुंड्या कोऱ्या हव्यात, एवढा निरोप द्या," असे त्यांनी सांगितले. संध्याकाळी श्यामसुंदरने मेस्त्रींना दुकानासमोर गाठले.

"मेस्त्री, बाईंचा फोन होता. कुंड्या कोरून हव्यात म्हणते."

"कोरून?"

"कोरून. दोनदा विचारलं मी. लाइनीत नुसती खरखर होती, पण कोर हा शब्द या कानाने ऐकला."

"कोरायचं काय पण?"

"ते तू ठरव ना यार. मी तांदूळ विकतो."

एक जोडाक्षर तारेत हरवले आणि निरोपाचा अर्थ उलटा झाला. मात्र सगळा दोष तारेला देणे न्यायाचे होणार नाही. हा निरोप चुकीचा असावा अशी शंका कुणाही सुताराला आली असती. मेस्त्रींना आली नाही, कारण हाच निरोप यावा अशी त्यांची अठरा वर्षांची इच्छा होती. शंका आली ती सुगंधाबाईंना, त्यांच्या पत्नीला.

"ती बाय साधी साडी नेसता, साडयेक धड काठ नाय, आणि तिका कुंड्येर मोर कित्याक होयो?"

"फोन इलो हा ना? मगे?"

"फोन इलो तो श्यामसुंदराक. त्याका मसूर म्हटला तर तूर देता."

"तू गप रव गो. पयल्यांदा कोणीतरी माझा काम मागला हा."

डिसेंबरभर चिंचेखाली कोरीव काम चालले. सिमेंट अर्धवट ओले असतानाच पटाशी चालवावी लागते. मेस्त्रींनी पहिल्या कुंडीवर मोर काढला, दुसरीवर कमळे, तिसरीवर वेल. सातवीवर तर वडिलांनी गावच्या देवळाच्या खांबावर कोरलेली हंसांची रांग जशीच्या तशी उतरवली. रस्त्याने जाणारे सायकलवाले उतरून पाहू लागले. दशरथ टेम्पोवाला म्हणाला, "झकास! मेस्त्री, मिलने तुझी वाट लावली म्हणायचं की नशीब काढलं?"

दोन जानेवारीला दशरथच्या टेम्पोतून कुंड्या मुलुंडला गेल्या. मेस्त्री ती जागा प्रथमच पाहत होते. पहिल्या तीन कुंड्या काठावर उतरल्या आणि नीलाबाई इमारतीतून बाहेर आल्या. त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"मेस्त्री, मी कोऱ्या म्हटलं होतं."

"कोरल्यात ना, बाई. सातही कोरल्यात."

"कोऱ्या. म्हणजे ज्यांच्यावर काहीही केलेलं नाही अशा."

दशरथने हळूच टेम्पोच्या फळीवर कपाळ टेकले. मेस्त्रींच्या कानांत पाणी शिरावे तसे झाले. पण तेवढ्यात विश्वस्तांपैकी राजाध्यक्षसाहेब आले. विद्याधर राजाध्यक्ष, निवृत्त अभियंते. अंगाने भारदस्त, स्वभावाने काळजीवाहू. त्यांनी मोराच्या पिसाऱ्यावरून हात फिरवला आणि मोठ्याने म्हणाले, "वा! अहो, काय हात आहे या माणसाचा! नीलाताई, रागावू नका, पण मला हे पसंत आहे. सातच का? असल्या चोवीस मांडू. शोभाही झाली आणि मागे जाळी लावली की सुरक्षाही झाली."

"जाळी?" बाईंनी विचारले.

"शोभेच्या वस्तूला कुणी कुंपण मानतं का? त्यांच्यामागे जाळी हवीच."

मेस्त्रींना जे हवे होते ते सगळे त्या क्षणी त्यांच्यासमोर वाढून ठेवलेले होते: नाव, शाबासकी, चोवीस कुंड्यांचे काम. आपले कौतुक नीट अनुभवावे म्हणून ते चार पावले मागे सरले, इमारतीच्या दारात जाऊन उभे राहिले आणि त्यांनी पाहिले. मोर दिसला. कमळे दिसली. वेल दिसली. डोंगर दिसेना. म्हणजे तो होता तिथेच. पण नजर काठापर्यंत जाई, पिसाऱ्यात अडके आणि तिथेच फिरत राही. बाजारात चार जण एकदम बोलू लागले की जसे होते तसे काहीसे ते होते.

आणि मग त्यांना वाडीतले खळे आठवले. कोकणातल्या घरापुढचे हे सारवलेले अंगण दरवर्षी पावसाळा सरला की नव्याने चोपून काढावे लागते. मेस्त्रींचे वडील देवळाचे खांब कोरणारे कारागीर. पण स्वतःच्या खळ्यात त्यांनी एका तुळशीवाचून कधी काही ठेवू दिले नाही. कुणी पाट जरी तिथे विसरला तरी ते म्हणत, "खळ्यात गर्दी कित्याक करतास?" खळ्याच्या कडेला गडगा होता. चिऱ्याच्या दगडांवर दगड रचून केलेली, गुडघाभर उंचीची ठेंगणी भिंत. त्यावर कुणी नक्षी केली नव्हती. संध्याकाळी माणसे त्या गडग्यावर बसत आणि समोरच्या माडांकडे, शेतांकडे पाहत. गडग्याकडे पाहिल्याचे कुणाला आठवत नव्हते. आणि तो नसता तर खळे कुठे संपते आणि रान कुठे सुरू होते हे कुणाला सांगता आले नसते.

"बाई," ते पुढे येऊन म्हणाले, "तुम्हाला गडगा हवाय. आधीच तसं म्हणायचं ना!"

नीलाबाईंना हा शब्द ठाऊक नव्हता. मेस्त्रींनी तो दोन वाक्यांत समजावला. मग ते राजाध्यक्षसाहेबांकडे वळले.

"साहेब, या सातही कुंड्या पुढच्या फाटकापाशी मांडा. तिथे रस्ता आहे, माणसांना थांबवायला मोर हवा. इथल्या मी नव्याने करतो. कोऱ्या."

"अहो, सव्वीसला उद्घाटन आहे!"

"ठाऊक आहे."

राजाध्यक्षसाहेबांनी काठाशी जाऊन खाली घळीत डोकावून पाहिले. "ठीक. मी जाळीवाल्याला सव्वीसलाच सकाळी माप घ्यायला बोलावतो. काठ मोकळा दिसला, किंवा कुंडी माझ्या धक्क्याने हलली, तर तो माप घेईल. माणसं पडलेली मला चालणार नाहीत, मेस्त्री."

"मलाही नाही, साहेब."

ते गेल्यावर मेस्त्रींनी खडूने फरशीवर कुंडीचा छेद काढला. बाईंच्या आराखड्यात काठ दोन बोटांचा होता. त्यांनी अंगणाकडचा काठ वीतभर रुंद केला.

"हा कशाला?" बाई म्हणाल्या. "जाडजूड दिसेल. रेषा बिघडेल माझी."

"ऑपरेशन झालेला माणूस उभा राहून डोंगर किती वेळ बघेल, बाई?"

"बाक मी मुद्दाम ठेवले नाहीत."

"नकोच बाक. गडग्यावर बसतात."

बाईंनी खडूच्या रेषेकडे पाहिले, मग मोराच्या कुंडीवर बसून पाहिले. मोराची मान पायाला टोचल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "वीतभर. पण कड माझ्या मनासारखी. बोटाला लागता कामा नये."

"ती कधी लागलीय?"

पुढचे दिवस हिशेबाने बांधलेले होते. नवा फर्मा एकच, तो करण्यातच एक दिवस गेला. एका कुंडीला दोन दिवस. सात कुंड्या, चौदा दिवस. आणि शेवटचीला पाणी पिऊन घट्ट व्हायला आठवडा. सुगंधाबाई गोणपाटांवर दिवसातून चार वेळा पाणी मारू लागल्या. राखाडी, साध्या, लांबट कुंड्या एकामागून एक चिंचेखाली उभ्या राहिल्या. सायकलवाले आता न थांबता पुढे जात. एकाने तर ओरडून विचारले, "मेस्त्री, म्हशींना पाणी पाजायच्या डोणी करायला घेतल्या की काय?" मेस्त्री हसले. पूर्वी हा टोमणा त्यांना रात्रभर पुरला असता.

घाई नडली ती सातव्या कुंडीला. एक दिवस वाचावा म्हणून मेस्त्रींनी फर्मा चोवीस तासांतच उघडला आणि कोपऱ्यापासून तळापर्यंत एक बारीक चीर धावत गेली. ती बुजवता आली असती. वरून कळलेही नसते. पण माती भरल्यावर, कुणी काठावर बसल्यावर ती चीर बोलली असती. नवी ओतावी तर ती सव्वीसपर्यंत कच्चीच राहणार. अठरा वर्षांत एकदाही न केलेली चूक त्यांनी नेमकी आता केली होती. ती कुंडी त्यांनी स्वतःच्या हाताने फोडली आणि मुलुंड गाठले.

"सहाच आहेत, बाई. चार फुटांचं भगदाड राहणार."

दोघेही काठाशी उभे राहिले. राजाध्यक्षसाहेब इथे टेपपट्टी घेऊन उभे आहेत, असे दोघांच्याही डोळ्यांसमोर येत होते. उतारावर पंधरा हात खाली एक काळा दगड पडलेला होता. रुंदी चार फुटांच्या आसपास, पाठ सपाट, अंगावर पांढऱ्या शेवाळाचे सुकलेले ठिपके आणि एका भेगेत वाळक्या गवताचा झुपका. मेस्त्री उतरून त्याच्यापाशी गेले. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, उंची गुडघ्याला लावून पाहिली आणि खालूनच ओरडले, "बाई, सातवी कुंडी इथे आहे! झाड लावून तयार!"

"तो वर कसा येईल?"

"मिलमध्ये आम्ही माग हलवायचो. त्यांना काय चाकं होती?"

अठरा जानेवारीचा रविवार त्या डोंगरपायथ्याने पाहिला. भांडुपच्या चाळीतून बारा माणसे आली. कुणी पूर्वी मागखात्यातला, कुणी बॉयलरवरचा, कुणी रंगखात्यातला; आता कुणी पहारेकरी, कुणी भाजी विकणारा. पाच वर्षांत त्यांनी एकत्र मिळून काही उचलले नव्हते. दशरथने लोखंडी पाइप आणि दोरखंड आणले. उतारावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर पाइप, पाइपांवर दगड. पहारी लागल्या.

"धर रे! खालचो धर! सोडू नुको!"

"अरे दशरथ, ओढतोयस की नुसता हात लावून नमस्कार करतोयस?"

"तू बोलू नको, तुझ्या पोटाला आधी दोर बांधायला पाहिजे!"

"एक... दोन... चल रे काळ्या!"

दगड वीत वीत वर आला. मागचा पाइप मोकळा झाला की धावत पुढे टाकायचा. ही रीत बाराही जणांच्या अंगात होती, कुणाला सांगावी लागली नाही. मेस्त्री पुढे उलटे चालत, हाताने दिशा देत होते. त्यांचा आवाज असा खणखणीत पुन्हा ऐकू येईल असे त्या बारा जणांपैकी कुणालाच वाटले नव्हते. दुपारी दीडच्या सुमारास दगड काठावर चढला आणि खाली बसताना त्याने असा खोल आवाज केला, की इमारतीतले रंगारी धावत बाहेर आले.

"मधोमध घेऊ या?" बाईंनी विचारले.

"मधोमध नको, बाई. मधे ठेवलात तर उद्या कुणीतरी शेंदूर फासेल आणि परवा घंटा बांधेल."

बाई पुन्हा हसल्या. डावीकडून तिसऱ्या जागी दगड बसला.

सव्वीसच्या सकाळी सहाही कुंड्या काठावर होत्या. त्यांत गवती चहाचे ठोंब लागले होते आणि माती ओली होती. जाळीवाला माप घ्यायची पट्टी खिशात घालून एका कोपऱ्यात उभा होता. राजाध्यक्षसाहेब आले ते सरळ पहिल्या कुंडीकडे. त्यांनी कोट काढला, खांदा लावला आणि जोर केला. मग दुसरी, मग दगड. दगडाला धक्का देताना ते स्वतःच मागे सरकले.

"हं," ते म्हणाले. जाळीवाल्याला मात्र त्यांनी जा असे सांगितले नाही.

पाहुणे येऊ लागले होते. भांडुपची मंडळीही आली. सुगंधाबाई सर्वांच्या पुढे. अंगणाच्या दारात त्या थबकल्या. समोर स्वच्छ, रिकामी फरशी होती, तिच्या टोकाला राखाडी रंगाची ठेंगणी ओळ, आणि ओळीवरून थेट डोंगर. सुगंधाबाईंनी पायांतल्या चपला काढून भिंतीकडेला ठेवल्या. त्यांना तसे कुणी सांगितले नव्हते. सारवलेल्या खळ्यात चपला घालून कुणी जात नाही, एवढेच त्यांच्या पायांना ठाऊक होते. त्या अनवाणी पुढे गेल्या आणि तिसऱ्या जागच्या काळ्या दगडाशेजारच्या कुंडीवर, वीतभर रुंद काठावर, सहज टेकल्या.

त्यांच्यामागून आलेल्या दशरथने चपला काढल्या. बारा जणांनी काढल्या. त्यांच्या मागच्या पाहुण्यांना वाटले, इथली पद्धत असेल, त्यांनीही काढल्या. दाराशी चपलांची आणि बुटांची गर्दी झाली आणि अंगण मोकळेच राहिले.

राजाध्यक्षसाहेब हे सगळे पाहत होते. त्यांचे भाषण खिशात होते. वाकून त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे बुटांत कोंबले आणि गार फरशीवरून चालत येऊन सुगंधाबाईंपासून दोन कुंड्या सोडून, डोंगराकडे अर्धे वळून बसले. काठ त्यांच्या वजनाखाली किंचितही हलला नाही. त्यांनी शेजारी हात नेऊन गवती चहाचे एक पाते तोडले, चुरगाळले, हुंगले. दोन माणसे त्यांना ध्वनिक्षेपकाकडे बोलवायला आली.

"जरा थांबा," ते म्हणाले. डोंगरावर पांगाऱ्याचे एक झाड लाल झाले होते आणि ते तिकडे पाहत होते. मग काही आठवल्यासारखे त्यांनी मान वळवली आणि कोपऱ्यातल्या माणसाला हाक मारली. "अहो, तुम्ही जा. इथे तुमचं काही काम नाही. की थांबा, बसा थोडा वेळ. बूट तेवढे काढा."

मेस्त्री दारात उभे होते, चोवीस दिवसांपूर्वी उभे होते त्याच जागी. अंगणात पन्नासेक माणसे होती आणि त्यांतले एकही कुंड्यांकडे पाहत नव्हते. त्यांची नजर फरशीवरून निघे, काठ ओलांडी आणि डोंगरावर जाऊन पोचे, वाटेत कुठेही न अडखळता. नीलाबाई त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"कुणीच विचारलं नाही हो, कुंड्या कुणी केल्या म्हणून," त्या म्हणाल्या.

"विचारतील कशाला?" मेस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात गिरणीतल्या अठरा वर्षांचा मागमूसही नव्हता. "बाई, बघा तरी. बसलेत!"

तिकडून सुगंधाबाईंनी शेजारची जागा हाताने थोपटली आणि भर सभेत हाक मारली, "काय वो, थय काय उबे? येवा, बसा. गडगो बरो झालो हा!"

मेस्त्रींनी चपला काढल्या आणि ते खळ्यात उतरले.